उपीचा पिंजरा

एम.ए.च्या वर्गाला तौलनिक साहित्यात मी आयू उतामी यांची ‘सामन’ ही इंडोनेशियन कादंबरी इंग्रजी अनुवादातून शिकवते. त्या दिवशीचा विषय स्त्रीच्या लैंगिकतेचे चित्रण हा होता. तो स्वाभाविकच म्हणावा लागेल. १९९८ मध्ये कादंबरी आली तेव्हा गाजावाजा झाला तो मुख्यतः तिच्यातील चार मैत्रिणींच्या मोकळेपणाचा, आणि पुढे अशा लेखिकांच्या लेखनाला ‘सुगंधी साहित्य’ असे काहीसे कुत्सित नावही पडले.

मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी शिक्षण सांभाळून तालुक्याच्या दैनिकाला बातम्या देतो. त्याने मध्येच विचारले, “मॅडम, या बाई आधी पत्रकार होत्या का? कादंबरीत रबराची झाडे काढून तेलपाम लावा म्हणून कंपनीची माणसे मळेवाल्यांशी आधी गोडीत बोलतात, मग दमदाटी, मग जाळपोळ. भूसंपादनाच्या बातम्या करताना मी हाच क्रम पाहिला आहे.”

होत्याच. बोगोर येथे १९६८ साली जन्मलेल्या उतामी यांनी रशियन साहित्याचा अभ्यास केला आणि नंतर त्या नियतकालिकांत काम करू लागल्या. जून १९९४ मध्ये इंडोनेशियाचे हुकूमशहा सुहार्तो यांच्या राजवटीने ‘टेम्पो’सह तीन साप्ताहिके बंद पाडली, तेव्हा निषेध म्हणून पत्रकारांनी जी स्वतंत्र संघटना स्थापन केली तिच्या संस्थापकांत त्या होत्या, आणि त्यापायी त्यांना नोकरी गमवावी लागली. बातमी लिहिण्याची वाट अशी बंद झाल्यावर त्यांनी कादंबरी लिहिली. तिला जकार्ता कला परिषदेच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले आणि २१ मे १९९८ रोजी सुहार्तो पायउतार झाले. पहिल्याच कादंबरीची ही ताकद पाहून, ती कुणा नामवंत पुरुषानेच लिहिली असावी, अशी कुजबुजही झाली. (ही कुजबुज आपल्याकडेही अपरिचित नाही.)

मग आम्ही कादंबरीतले पेराबुमुलीचे, म्हणजे सुमात्रातल्या त्या रबर-मळ्यांच्या भागाचे, प्रकरणच वाचायला घेतले. तिथे उपी नावाची मनोरुग्ण मुलगी पिंजऱ्यात कोंडलेली आहे. तरुण धर्मगुरू विस तिला सोडवत नाही. तिच्यासाठी अधिक ऐसपैस आणि स्वच्छ पिंजरा बांधून देतो. “यात कसली करुणा?” असे एका विद्यार्थिनीने तावातावाने विचारले. वार्ताहर विद्यार्थ्याचे म्हणणे असे की, गावाला झेपेल तेवढेच त्याने केले आणि लेखिकेने त्याला उगाच मोठे केले नाही. पुढे मळ्यावर हल्ला होतो, त्या आगीत उपी जळून मरते आणि छळातून वाचलेला विस ‘सामन’ हे नाव घेऊन कार्यकर्ता होतो, हे ध्यानात घेतले तर मला दुसरे मत अधिक पटते. विद्यार्थिनीला मात्र ते शेवटपर्यंत पटले नाही.

लैंगिकतेचा मुद्दा त्या तासात मागे पडला, तरी तो निकालात निघालेला नाही. मैत्रिणींवर घरातून, धर्मातून येणारा धाक आणि मळेवाल्यांवरचा कंपनीचा धाक उतामी एकाच कादंबरीत का आणतात, हा प्रश्न मी सत्र परीक्षेत घातला आहे. तो कठीण असल्याची तक्रार आधीच आली आहे.