हार रंगनाथनांना, नंबर ड्यूईचा

12 ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीला, आमच्या ग्रंथालयात त्यांच्या फोटोला हार घालतात आणि दरवर्षी कुणीतरी, बहुधा नवा प्राध्यापक, विचारतो, "मॅडम, पुस्तकांना विषयवार नंबर देण्याची त्यांची वर्गीकरण पद्धत मात्र तुम्ही वापरत नाही, अमेरिकेच्या मेल्विल ड्यूईची वापरता. का हो?" विचारलंत म्हणून सांगते.

रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच वैतागून जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले, मला परत घ्या म्हणाले. रिकामं बसवेना. आधी लंडनला शिकून या, मग बघू, असं ठरलं. तिथे एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा संच पाहिला. त्याच पट्ट्या, तेच नट-बोल्ट, आणि हवं ते खेळणं. पुस्तकाचा विषयही असाच सुट्या भागांतून जोडता येईल, हे तिथे सुचलं. परतले ते जवळजवळ वीस वर्षं मद्रासच्याच ग्रंथालयात. (रजा घेत नसत म्हणे. आमच्या रजेच्या अर्जांवर हे हमखास ऐकवलं जातं.)

1933 साली त्यांची द्विबिंदू पद्धत, म्हणजे कोलन, छापून आली. शिकताना घोकलेलं उदाहरण अजून तोंडपाठ आहे : फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार, भारतातलं 1950 सालचं संशोधन. वर्गांक (विषयाचा नंबर) एल,45;421:6;253:एफ.44'एन5. एल वैद्यक, 45 फुप्फुस, 421 क्षय, 6 उपचार, 44 भारत. एक धागा सुटलेला नाही. आता हे बोटभर जाडीच्या पुस्तकाच्या लेबलावर लिहा, आणि परत आलेली पुस्तकं लावणाऱ्या मदतनीसाला समजवा की आधी स्वल्पविराम येतो की अर्धविराम. ड्यूईत क्षय 616.995. आकडे चढत जातात, संपलं. शिवाय ड्यूईचा नंबर बहुतेक वेळा इतर ग्रंथालयांच्या तयार नोंदीत मिळतो. कोलनचा स्वतः बांधावा लागतो, आणि आवृत्ती बदलली की चिन्हंही बदलतात.

'वाचकाचा वेळ वाचवा' हा त्यांचाच, 1931 च्या पुस्तकातला, चौथा नियम. ड्यूई ठेवून आम्ही तोच पाळतो, असं मी सांगते. अर्धी पळवाट आहे, कबूल.

पण संदर्भाच्या टेबलाशी परवा एक मुलगी आली, "मॅडम, पाण्यावर काहीतरी हवंय." कोलन शिकलेल्याला मग विषयाचे सुटे भाग विचारल्याशिवाय राहवत नाही. कसलं पाणी? त्याचं काय? कुठलं? कधीचं? चौथ्या प्रश्नाला बाहेर आलं : मराठवाड्यातल्या भूजलाचा उपसा, 1972 च्या दुष्काळानंतरचा.