पदाच्या डोक्यावरची ओळ

बुधवार, रात्री

आज संगीताच्या वर्गात ‘मानसोल्लास’ हा जुना ग्रंथ झाला. परीक्षेपुरतं सांगायचं तर विषय छोटा आहे. कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, साल ११२९, पाच विंशती म्हणजे वीस-वीस अध्यायांचे भाग, एकूण शंभर अध्याय, संगीत चौथ्या विंशतीत. पण तास संपता संपता मॅडम म्हणाल्या, निरनिराळ्या प्रांतांतली गाणी नोंदताना सोमेश्वरानं हेही लिहून ठेवलंय की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. एवढं सांगून त्या ‘संगीतरत्नाकरा’कडे वळल्या. माझं मन मात्र त्या उखळापाशीच राहिलं.

कारण ती ओवी मी ऐकलीय. चुलतबहिणीच्या लग्नात, खानापूरकडच्या आमच्या गावी, घाणा भरताना. दोन मुसळं एकत्र बांधलेली, वर आंब्याची पानं, भोवती पाच सुवासिनी. आता घाण्यात कांडायचं ते नावापुरतंच, पण आज्जी ओवी अर्धवट सोडत नाही. मुसळ खाली येतं तिथं तिचा सूर किंचित टेकतो आणि वर उचलताना पुढचा शब्द निघतो. मागच्या बायका शेवटचा तुकडा उचलतात तोवर आज्जीचा श्वास घेऊन झालेला असतो. ताल शिकवताना सर ज्याला सम म्हणतात, तालाची पहिली मात्रा, ती मला त्या दिवशी उखळात दिसली. मग शेजारच्या कन्नड मावशी पुढं आल्या आणि त्यांनी आपलं कन्नड पद गायलं. चाल तीच होती. कुणाला त्यात नवल वाटलं नाही. आज्जीनं फक्त मान हलवली आणि मुसळ उचललं.

सोमेश्वराची कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. कन्नड मुलखातला राजा, ग्रंथ संस्कृतात, आणि त्यात मराठी बायकांचं कांडण. नऊशे वर्षांपूर्वी एका राजाला हे लिहून ठेवावंसं वाटलं याचा मला आज फार आनंद झाला. पुढं शंभर-सव्वाशे वर्षांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. स्वरापासून नृत्यापर्यंत सात अध्याय, अतिशय नेटका ग्रंथ. त्याच्यापुढं मी नम्रच आहे. पण उखळाशेजारी उभं राहून ऐकणारा सोमेश्वर मला जास्त जवळचा वाटतो.

गुरुवार, गाडीत

बेळगाव ते धारवाड. खानापूर गेलं, आता लोंढा येईल. या मार्गावर बसलं की आमच्या पेपरातली अर्धी नावं खिडकीबाहेरच असतात. मागं मिरज राहिली. तिथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं विष्णु दिगंबर पलुसकर शिकले आणि १९०१ साली लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथंच अब्दुल करीम खाँसाहेबांनी घर केलं. बेळगावच्या अलीकडं सुळेभावी लागतं, १९२४ साली जन्मलेल्या शिवपुत्र कोमकळीमठ यांचं, म्हणजे कुमार गंधर्वांचं गाव. लोंढ्याला गोव्याची लाईन येऊन मिळते. पुढं धारवाड, मल्लिकार्जुन मन्सूर यांचं. त्याच्याही पुढं हुबळी आणि कुंदगोळ.

खाँसाहेब म्हैसूर दरबाराला जायचे ते याच वाटेनं. जाता-येता धारवाड-हुबळीत मुक्काम पडायचा, आणि कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांना असेच शिष्य म्हणून मिळाले. कन्नड घरातला हा मुलगा पुढं मराठी रंगभूमीवर नायिका होऊन गायला. गंगूबाई हनगल हुबळीहून गाडीनं कुंदगोळला त्यांच्याकडं शिकायला जायच्या आणि रात्री परत यायच्या. रोणचे भीमसेन जोशीही तिथलेच शिष्य. मन्सूर उलट दिशेला गेले. कन्नड नाटक कंपनीत गाणारा हा पोरगा नीळकंठबुवांनी उचलला आणि मिरजेला नेला. पुढं मंजीखाँ आणि भुर्जीखाँ या मुलांकडून त्यांना त्यांच्या वडिलांची, अल्लादियाखाँसाहेबांची गायकी मिळाली, आणि अल्लादियाखाँ कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पदरी. माणसं सगळी चार-पाच तासांच्या अंतरातली.

पुस्तकांत मात्र यांचे दोन ढीग झालेत. मराठी पुस्तकात बालगंधर्व भरभरून आणि मन्सूर परिच्छेदभर. कन्नड पुस्तकात नेमकं उलटं. मला हे मनापासून खटकतं. मन्सूर यांनी आत्मचरित्र ‘नन्न रसयात्रे’ कन्नडमध्ये लिहिलं, गोविंदराव टेंब्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ मराठीत लिहिलं, भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’सुद्धा मराठीतच, गुरू-शिष्याच्या संवादात लिहिली. एकच भाषा येणाऱ्याच्या हाती यातलं निम्मंच लागणार. आम्हा सीमेवरच्या पोरांना दोन्ही कानावर पडत मोठं व्हायला मिळतं. भांडणं खूप झाली यावरून, घरातल्या मोठ्यांनी सोसलंयही, आणि मराठीवरचा माझा जीव कमी होणार नाही. पण हा विषय शिकायचा तर कन्नड वाचता यायलाच हवं, यावर माझं मत आता पक्कं झालंय.

शनिवार

सकाळी टिळकवाडीत काम होतं म्हणून काँग्रेस विहिरीकडं वळले. १९२४च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं अधिवेशन भरलं तेव्हा स्वागतगीत गाणाऱ्यांत अकरा वर्षांच्या गंगूबाई होत्या. त्याच वर्षी, इथून जवळच, कुमारांचा जन्म. आमच्या वर्गात ही दोन्ही सालं वेगवेगळ्या प्रकरणांत येतात.

दुपारभर सार्वजनिक वाचनालयात बसून जुन्या संगीत नाटकांच्या प्रती चाळल्या. पानं इतकी ठिसूळ की बोटाच्या पेरानं उलटावी लागतात. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ असते. कुठं राग आणि ताल, कुठं नुसतं साकी किंवा दिंडी असं वृत्ताचं नाव, कुठं ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या पदाचे पहिले दोन-तीन शब्द. त्या वेळच्या नटाला तेवढी खूण पुरायची, कारण ते मूळ पद सगळ्यांच्या तोंडी होतं. आज पद छापलेलं आहे आणि ज्यावरून ते बेतलं ते गाणं कुणालाच आठवत नाही. अशा कितीतरी ओळी.

आणि अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातले, १८४३ साली गुर्लहोसूरला जन्मलेले. १८६६ साली त्यांनी बेळगावात भरतशास्त्रोत्तेजक मंडळी काढली. ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक पुण्यात झाले ते ३१ ऑक्टोबर १८८०ला, आणि मराठी संगीत नाटक तिथून सुरू झालं असं आपण लिहितो. त्यांनी कानडी चाली घेतल्या हे प्रत्येक इतिहासात एका वाक्यात येतं. कुठल्या चाली, कुणाच्या तोंडून ऐकलेल्या, देवळातल्या की लग्नघरातल्या, हे विचारत बसावंसं मला वाटतं. साल १८८० खरंच, पण त्या चाली त्याआधी कुठंतरी गायल्या जात होत्या, आणि बहुतेक बायकाच गात असणार.

माझ्या प्रबंधिकेचा विषय ठरला. किर्लोस्करांच्या पदांवरच्या चालींच्या ओळी सगळ्या उतरवून काढायच्या, त्यातल्या कानडी वेगळ्या करायच्या आणि सौंदत्ती-बैलहोंगल भागात गाणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपुढं ठेवायच्या. एखादी जुळेल, एखादी नाही. वर्गातली गदगची मैत्रीण यायला तयार आहे. तिला रात्री फोन केला तर म्हणाली, “तू मराठी पद गा, मी त्यांना कन्नडमध्ये विचारते.” मॅडम पहिल्यांदा पुरावा विचारणार. आधी आज्जीची ओवी आणि त्या शेजारच्या मावशींचं पद, दोन्ही ध्वनिमुद्रित करून घेते आणि स्वरलिपी एकाखाली एक लिहून नेते. मावशी रविवारी घरी असतात.