गोळी बंद, वाट पाहणं सुरू

बाबांच्या अँजिओग्राफीत तीन ब्लॉक निघाले. डॉक्टरांनी बायपास सांगितली, पण लगेच करता येणार नाही म्हणाले. त्यांना रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल सुरू होती. ती बंद करून साधारण 5 दिवस जाऊ द्यावे लागतात. इथे स्टुटगार्टमध्ये फोनवर हे ऐकलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. एवढं गंभीर आहे तर थांबायचं कशाला?

कारण दादाने नीट समजावलं. या गोळीचा परिणाम झालेल्या प्लेटलेट त्यांचं आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे 7 ते 10 दिवस, नीट काम करत नाहीत. शरीर रोज थोड्या थोड्या नव्या तयार करतं. त्या पुरेशा व्हायच्या आत ऑपरेशन केलं तर रक्तस्राव आवरणं अवघड जातं. आई यावर एवढंच म्हणाली, "अगं, शरीराला त्याचं काम करू दे."

आमची आई नवस बोलत नाही. देवाशी सौदा करायचा नसतो, असं तिचं ठाम मत. घर पंचवटीतच, त्यामुळे रोज सकाळी काळारामाच्या दर्शनाला जाते, हात जोडून "बळ दे" म्हणते आणि घरी येऊन बाबांची शुगर तपासते. तिची श्रद्धा अशी कामाला लागलेली आहे, आणि मला तीच खरी वाटते.

नाशिककरांना वाट पाहणं नवीन नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, सगळ्यांचे डोळे पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून पुराचा अंदाज. दुकानदार माल वर हलवतात आणि थांबतात. पूर ओसरायचा तेव्हाच ओसरतो. बाबांचे हे दिवस मला तसेच वाटतात. करण्यासारखं होतं ते करून झालंय.

काल व्हिडिओ कॉलवर बाबा श्वासाचा व्यायाम करत होते. तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र असतं ना, नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर जातात. ऑपरेशननंतर फुप्फुसं नीट फुलावीत म्हणून आत्तापासून सराव. पहिला चेंडू चटकन चढला, दुसरा थरथरत वर टेकला, तिसरा जागचा हलला नाही. शेजारी बसलेली आई प्रत्येक श्वासाला "राम" म्हणत होती. मग मीही म्हणू लागले. बाबांनी तोंडातली नळी काढली आणि म्हणाले, "दोघी एका लयीत म्हणा, माझा श्वास चुकतो."

तेव्हापासून तिथे साडेसातला दिवा लागतो तेव्हा, इथल्या चार वाजता, मी ऑफिसातला लॅपटॉप मिटून थोडा वेळ नामस्मरण करते. काळजी जात नाही. पण सारखं दादाला फोन करून "काही कळलं का?" विचारायचं थांबलंय. त्यालाही जरा उसंत मिळाली.

रजा मी नंतरसाठी राखून ठेवली आहे. छातीचं हाड जुळायला 6 ते 8 आठवडे लागतात, आणि खरी माणसं तेव्हा लागतात. आत्ता दादा-वहिनी आहेत.

ऑपरेशन गुरुवारी सकाळी. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी काळारामाला गेलात, तर माझ्या बाबांसाठीही हात जोडा.