११४ हर्ट्झचा घुमारा अखेर सापडला

स्पीकरमधून बोलणं घुमतंय का, या तीन आठवडे छळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर काल रात्री मिळालं, आणि मागच्या नोंदीतला निकाल मला मागे घ्यावा लागतोय. तुलनेतल्या तीन स्पीकर-जोड्यांपैकी जोडी एक ‘कोंदट’ म्हणून मी बाद केली होती. दोष तिचा नव्हताच.

चाचणीला मी बाबांचं तेच रेकॉर्डिंग वापरतोय: गच्चीवर, भिंतींपासून दूर बसून वर्तमानपत्र वाचतानाचं. ओळखीच्या बोलण्यात खोट लगेच कळते. बीबीसीचे अभियंतेसुद्धा मॉनिटर, म्हणजे स्टुडिओतले स्पीकर, घडवताना प्रत्यक्ष बोलणारा माणूस आणि स्पीकर यांची तुलना करायचे.

जोडी एकवर बाबा ‘बातमी’, ‘महापौर’ म्हणाले की शब्दाच्या बुडाशी घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं घुमायचं. पोर्टमध्ये, म्हणजे खोक्याच्या हवेच्या भोकात, फोमचे बोळे घातले. अगदी खालचा खर्ज गेला, घुमारा तसाच. स्टँडमध्ये वाळू भरली, खाली रबराचे तुकडे दिले. ढिम्म फरक नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगळे करणारं आतलं सर्किट, उघडायच्या बेतात होतो.

काल तिन्ही जोड्या आळीपाळीने एकाच जागी ठेवून आरईडब्ल्यू या ध्वनी मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) घेतले. तिन्ही ग्राफमध्ये उंचवटा ११४ हर्ट्झला! जोडी एकवर ९ डेसिबल. बाकीच्या दोन्ही त्या भागात मुळातच हडकुळ्या, म्हणून तिथे ५-६. वूफर (खालचे सूर वाजवणारे कोन) तीन तऱ्हांचे, खोकी तीन तऱ्हांची, उंचवटा मात्र एकच. मग खोलीची लांबी मोजली: ३ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने, ६ ने भागलं की खोलीचा पहिला मोड (समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाट अडकून घुमते ती वारंवारता) ५७ आणि दुसरा बरोबर ११४. बाबांची बोलण्याची पट्टीही तिथेच.

माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली, म्हणजे दाब सर्वांत जास्त असतो तिथेच. दुसऱ्या मोडचा दाब भिंतीपासून पाव लांबीवर शून्याजवळ येतो, म्हणून खुर्ची ७५ सेंटिमीटर पुढे ओढली. उंचवटा ९ वरून २ वर! बाबा समोर बसून वाचू लागले. मग गाणं लावलं, तर तंबोऱ्याची जवारी मोकळी झाली, डग्ग्याची मींड शेवटपर्यंत ऐकू आली. मी तोच तुकडा सहा वेळा लावला.

पहिले दोन आठवडे फोनच्या माइकवर मोजत बसलो, ते वाया गेले. खर्जासाठी कॅलिब्रेशन फाइल (माइकची स्वतःची चूक भरून काढणारी नोंद) असलेला माइकच हवा.

मळभ गेल्यावर जोडी तीनचा दोषही उघडा पडला. तिचा १६५ मिलिमीटरचा वूफर ३ किलोहर्ट्झपर्यंत ताणलाय. तिथे त्याचा झोत अरुंद होतो आणि वर ट्वीटरचा (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचा) आवाज एकदम चहूकडे पसरतो. समोरून ग्राफ सरळ, ३० अंशांवर खड्डा, आणि ‘स’, ‘श’ टोचतात. ती बाद. जोडी एकचा ग्राफ बाजूनेही त्याच चालीने, हळूहळू उतरतो. मला तेच हवंय.

शनिवारी एक आणि दोनची पडद्याआड तुलना करणार होतो, पिंक नॉइजवर (चाचणीच्या एकसारख्या खरखरीवर) पातळी ०.२ डेसिबलच्या आत जुळवून. किंचित मोठी वाजणारी जोडी उगाच सरस वाटते. पण लिहिता लिहिता सुचतंय, वूफरही समोरच्या भिंतीपासून ७५ सेंटिमीटरवर आणला तर तो मोड फारसा चेतणारच नाही. मात्र भिंतीवरून परतणारी लाट नेमकी ११४ लाच आवाज खाईल, आणि बाबा पातळ वाटतील. सध्या वूफर ४५ वर आहे. आधी ६० करून बघतो. शनिवार त्यात जाईल, तुलना रविवारी.