द्राक्षबागेतले ५ किलोमीटर आणि आम्ही चौघं

नाशिकजवळच्या एका वायनरीने द्राक्षतोडणीच्या दिवसांत छोटी ट्रेल रेस, म्हणजे मातीच्या वाटांवरून पळायची शर्यत, ठेवली होती. अंतरं दोनच, १० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. नवऱ्याला १० पळायचं होतं. तो नियमित पळणारा, ठाणे वर्षा मॅरेथॉनमध्ये उतरलेला, त्यामुळे त्याचं म्हणणं मला समजत होतं. पण मला चौघांनी एकाच शर्यतीत उतरायचं होतं: आम्ही दोघं, सहावीतली लेक आणि माझ्या सासूबाई. एकाने पळायचं आणि बाकीच्यांनी फिनिश लाइनजवळ पिशव्या सांभाळत उभं राहायचं, असली सहल नको होती. घरात यावर बरंच बोलणं झालं. शेवटी सासूबाईंनीच निकाल लावला. "अगं, उपवन तलावापाशी रोज तेवढं चालतेच की मी. तिकडे माती असेल, एवढंच ना?"

५ किलोमीटरची चार नावं त्याच रात्री नोंदवली.

पहिलं काम डॉक्टरांकडे जाण्याचं. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गुडघे तपासले आणि एकच अट घातली: बोलता येणार नाही इतका दम लागला की वेग कमी करायचा. ही अट आम्ही चौघांनीही लावून घेतली. घरच्यांबरोबर पळताना याच्याइतकं सोपं मोजमाप मला दुसरं सापडलेलं नाही. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता येतंय म्हणजे वेग बरोबर आहे. घड्याळाकडे बघायची गरजच पडत नाही.

ठाण्यात ट्रेलचा सराव म्हटलं की सगळे येऊरचं नाव घेतात. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि तिथे बिबटे आहेत. आतल्या पायवाटांवर वन खात्याच्या परवानगीशिवाय जायचं नसतं, अंधारात तर मुळीच नाही. लेक बरोबर असताना या बाबतीत मी जराही सूट देत नाही. म्हणून चांगलं उजाडल्यावर उपवनकडून वर जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर चढाचा सराव केला, पायाला मातीची सवय व्हावी म्हणून मैदानाच्या कडेने फेऱ्या मारल्या, आणि उतारासाठी आमच्या इमारतीचा जिना वापरला. जिना चढायचा व्यायाम पुष्कळ जण करतात, उतरायचा फारसं कुणी करत नाही. खरं तर मांड्या दुखतात त्या उतरताना. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलत असतो आणि दुसऱ्या दिवशीचा ठणका त्यातून येतो. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, नजर पायाशी न ठेवता दोन-तीन मीटर पुढे, एवढं लेकीकडून घटवून घेतलं.

बूट फक्त मोठ्यांसाठी नवे घेतले. रस्त्यावर पळायच्या बुटांचा तळ सपाट असतो, तो सुट्या मुरमावर घसरतो. ट्रेलच्या बुटांना खाली खोल खाचा असतात. घेताना अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं बुटावर आपटून काळीनिळी पडतात. असे बूट सरावात मळवूनच शर्यतीला न्यायचे. लेकीचे शाळेतल्या खेळाचे बूट चांगले पकड घेत होते, ते तसेच चालले.

आदल्या दिवशी दुपारी ठाण्यातल्या माजिवड्याहून निघालो. भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी महामार्ग धरला की कसारा घाटाची वळणं चुकतात आणि जवळजवळ ८ किलोमीटरच्या बोगद्यातून इगतपुरीला निघता येतं. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी हे मोठंच सुख आहे. रात्री साधं वरण-भात जेवलो.

पहाटेच्या थंडीची मात्र ठाणेकरांनी खरोखर तयारी ठेवावी. खाडीकाठच्या दमट हवेतून येऊन नाशिकच्या पठारावरच्या कोरड्या गारठ्यात उभं राहिलं की अंग आखडतं आणि तहान जाणवत नाही. म्हणून सुटण्याआधी दहा मिनिटं जागच्या जागी हालचाल केली आणि थोडं थोडं पाणी प्यायलो.

सुरुवातीला आम्ही मुद्दाम मागे उभे राहिलो. द्राक्षांच्या दोन ओळींमधून एक ट्रॅक्टर जाईल एवढीच वाट असते, तिथे मागून येणाऱ्यांना पुढे जायला जागा द्यावी लागते. आपण खाण्याची द्राक्षं बहुतेक मांडवावर पाहिलेली असतात. वाइनची बाग तारांवर उभी, हिरव्या भिंतींसारखी, आणि तिचे घड लहान, दाटीने भरलेले. ऑक्टोबरच्या सुमाराच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, धरलेला हा माल हिवाळ्याच्या शेवटी तोडणीला येतो. सकाळच्या तिरप्या उन्हात ते घड बघत पळणं फार सुंदर होतं आणि बघण्यासाठी थांबावं असंच होतं. आम्ही थांबलोही. द्राक्षांना हात मात्र लावला नाही. तो शेतकऱ्याचा माल आहे आणि त्यावर फवारण्या झालेल्या असतात.

या बागेत सांभाळायचं ते ओळ संपते तिथे. टोकाच्या खांबाला ताण द्यायला जमिनीत तिरप्या तारा ठोकलेल्या असतात आणि ठिबकच्या नळ्याही तिथेच वर आलेल्या असतात. वळताना लांबून वळायचं. लेक पुढे होती, ती प्रत्येक टोकाला "तार!" असं ओरडून सांगत होती. मागचे अनोळखी लोकही मग तेच ओरडू लागले.

बाग संपली आणि मागचं टेकाड आलं. वाळलेलं गवत, सुटी खडी, अंगावर येणारा चढ. जे ओळींमध्ये आमच्या पुढून सुसाट गेले होते ते इथे चालत होते, कारण इतक्या तीव्र चढावर पळण्यापेक्षा चालणं कमी शक्तीत होतं. आणि सगळेच चालत असतील, तर वर्षानुवर्षं रोज चालणारं माणूस मागे कशाला पडेल? सासूबाई हात गुडघ्यावर टेकत, एका लयीत, न थांबता चढल्या. नवरा त्यांच्या मागे होता. वर पोहोचल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "आईला मी असं कधी पाहिलंच नव्हतं." याचसाठी मला चौघांनी एका शर्यतीत असायला हवं होतं. उतारावर लेक सगळ्यांच्या पुढे, सपाटीवर नवरा, चढावर सासूबाई. रस्त्यावरच्या शर्यतीत हा क्रम बदलतच नाही.

पाण्याच्या टेबलापाशी एकमेकांसाठी थांबायचं ठरलं होतं. तिथे लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि चिक्की होती. शेवटची रेषा चौघांनी मिळून ओलांडली.

नंतर वायनरी दाखवली. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आधी दाबून फक्त रस आंबवतात, लालसाठी सालींसकट आंबवतात, रंग सालीतून येतो. लेकीला रिफ्रॅक्टोमीटरमधून रसातली साखर मोजायला मिळाली, ती त्यातच रमली. चाखायच्या ग्लासाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मद्याने लघवी वाढते आणि घामाने सुकलेलं शरीर आणखी सुकतं. आधी पाणी, मग पोटभर जेवण, मग हवा असेल तर एक घोट, आणि गाडी चालवणाऱ्याने तोही नाही. नवऱ्याने द्राक्षाचा रस घेतला.

दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्या दुखत होत्या, नवऱ्याच्याही. सासूबाई उताराला आडव्या पावलांनी सावकाश उतरल्या होत्या. त्या सकाळी नेहमीच्या वेळी उपवनला गेल्या.