आईची साडी आणि वाट्समानहाउसची एक रात्र

राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथारी पसरताना बाबांनी तरुणपणी कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्यामुळे जूनमधल्या मुक्कामासाठी मी मार्चमध्येच जागा शोधायला बसले, तेव्हा साताऱ्याहून फोनवर ते म्हणाले, "अगं, डोंगरावर झोपायलाही रिझर्व्हेशन?"

हो, लागतं. वाट्समानहाउस म्हणजे जर्मनीतल्या वाट्समान डोंगरावरची, १८८८ साली बांधलेली, जर्मन आल्पाइन क्लब या गिर्यारोहकांच्या संस्थेची, १,९३० मीटरवरची हुट्ट. 'हुट्ट' म्हणजे झोपडी असली तरी इथे दोनेकशे माणसं झोपतात. ती उघडी असते साधारण मेअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आणि शनिवार सगळ्यात आधी भरतात. म्हणून मी मंगळवार धरला. मी क्लबची सभासद आहेच, बाबांनाही केलं. सभासदांना मुक्काम स्वस्त पडतो हे एक. पण डोंगरातून सोडवून आणण्याच्या खर्चाचा विमा त्यातच येतो, हे खरं कारण. ते बाबांना सांगितलं नाही.

छोटी खोली मिळाली नाही. मिळालं ते लागर, म्हणजे एका लांब फळीवर शेजारीशेजारी गाद्या. उशी, पांघरूण तिथलं, पण ती रोज धुतली जात नाहीत. म्हणून प्रत्येकाने आपली पातळ खोळ आणायची, हा नियम. दुकानात रेशमी खोळी मिळतात, किंमत विचारू नका. आईने जुन्या सुती साडीची खोळ शिवून बाबांबरोबर पाठवली. निळी, काठ उशाशी. संपूर्ण तयारीतली सर्वोत्तम वस्तू तीच.

उरला वेळेचा हिशेब. इथल्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, तास असतात. ढोबळ गणित ३०० मीटर चढाईला एक तास. पायथ्याच्या विम्बाखब्रुकेपासून हुट्टीपर्यंत सुमारे १,३०० मीटरचा चढ, म्हणजे सव्वाचार तास. बाबांचे गुडघे धरून मी सहा मोजले. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा दोनच्या आत छताखाली पोहोचायला हवं. म्हणून आदल्या दिवशी म्युनिकहून फ्राइलासिंगला गाडी बदलून बेर्खटेसगाडेन, तिथून बसने पायथ्याचं राम्साउ गाव, आणि मुक्काम तिथेच. सकाळी साडेसातला चालायला सुरुवात.

आधी नुसतं जंगल, मग गुरांचे गोठे, मग झाडं खुजी होत संपली आणि वाट नागमोडी झाली. वर वाट्समानचे सुळके. म्हणतात, हा एक क्रूर राजा होता, शापाने बायकापोरांसकट दगड झाला. बाबांना हे लगेच पटलं. आपल्याकडे तर नवरानवरीचं सगळं वऱ्हाडच दगड होतं.

पोहोचलो एक वाजून दहा मिनिटांनी. बूट खाली ठेवायचे, आत घरातल्या सपाता. डोंगर चुनखडीचा, पाणी मुरून जातं, त्यामुळे गरम अंघोळीची आशा मी आधीच मोडून ठेवली होती. पैसे रोख आणले होते. जेवणाची मात्र चौकशी करावी लागली: चीजचा गोळा शाकाहारी असतो, पण तो ज्या सुपात पोहतो ते बहुतेक वेळा मांसाचं असतं. शेवटी बाबांनी काइझरश्मारन घेतलं, म्हणजे फाडून ठेवलेली जाड, गोड धिरडी, वर पिठीसाखर. अंडं चालतं त्यांना. "पिठलं-भाकरी नाही ही," एवढंच म्हणाले आणि ताटली पुसून खाल्ली.

दहाला दिवे बंद. कानात घालायचे बोळे मी दोन जोड आणले होते. दुसरा जोड बाबांपलीकडच्या जर्मन बाईंना दिला, कारण बाबा घोरतात.

हुट्टीच्या वहीत नाव लिहायचं आणि पुढे कुठे निघालो तेही. कुणी हरवलं तर शोध तिथूनच सुरू होतो. बाबांनी त्या रकान्यात देवनागरीत लिहिलं, 'सातारा'. मी खाली रोमनमध्ये विम्बाखब्रुके लिहिलं.