प्रयोगशाळेच्या दारातली लाइट रेल

अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरातल्या वॉशिंग्टन अव्हेन्यूवरचं ईस्ट बँक स्थानक बघितलं तर यात अवघड काय होतं, असं वाटावं. मिनेसोटा विद्यापीठाच्या आवारातून जाणारा रस्ता, त्यातच रूळ, बाजूला बुटका फलाट. तळघर नाही, सरकता जिना नाही. पण ग्रीन लाइन ही लाइट रेल, म्हणजे विजेवर चालणारी हलकी शहरी रेल्वे, 14 जून 2014 रोजी सुरू होण्याआधी, 2009 मध्ये, याच टप्प्यावरून विद्यापीठ कोर्टात गेलं होतं आणि 2010 मध्ये तडजोड झाली. वाद मुख्यतः गर्दीचा किंवा आवाजाचा नव्हता. रस्त्यालगतच्या प्रयोगशाळांमधली उपकरणं कंपनाने आणि विद्युतचुंबकीय क्षेत्राने बिघडतील, ही खरी भीती होती.

ती भीती अवास्तव नव्हती, हे साध्या गणितातून दिसतं. लाइट रेल बहुधा 750 व्होल्ट डीसीवर चालते. वरच्या तारेतून प्रवाह येतो, रुळातून परत जातो; तार आणि रूळ यांत साधारण 6 मीटर उंचीचा फेरा तयार होतो. गाडी वेग घेताना 1,000 अँपिअर ओढते असं धरलं, तर 100 मीटरवर चुंबकीय क्षेत्र येतं सुमारे 0.12 मायक्रोटेस्ला. पृथ्वीच्या 50 मायक्रोटेस्लापुढे ही किरकोळ बाब. पण पृथ्वीचं क्षेत्र स्थिर असतं, हे मात्र गाडीगणिक बदलतं. चुंबकीय क्षेत्रात रेणूंची रचना तपासणाऱ्या एनएमआर यंत्रात एवढ्या बदलाने प्रोटॉनचा सिग्नल सुमारे 5 हर्ट्झ सरकतो आणि चांगल्या वर्णपटातली रेषा असते जेमतेम 1 हर्ट्झ रुंद. यंत्रातली लॉक यंत्रणा, म्हणजे क्षेत्रातला बदल टिपून भरून काढणारी सोय, यातलं बरंच सावरून घेते, सगळं नाही. अंतर निम्मं केलं की क्षेत्र चौपट, म्हणून 50 मीटरवरच्या इमारतीत हेच 20 हर्ट्झ.

उपाय म्हणजे हा फेरा आवळणं. रुळाच्या जवळ जाड केबल पुरायची आणि ती ठरावीक अंतरावर वरच्या तारेला जोडायची. प्रवाह कमी रोधाची वाट धरतो, त्यामुळे त्याचा मोठा भाग जमिनीलगतच जातो. फेऱ्याची उंची 6 वरून 1 मीटरवर आली तर क्षेत्र साधारण सहाव्या हिश्श्यावर येतं. मात्र गाडीजवळच्या दोन जोडांमध्ये प्रवाहाला वरूनच जावं लागतं, म्हणून जोड विरळ ठेवून तांबं वाचवलं तर मूळ हेतूच फसतो.

याला दुसरीकडून धक्का बसतो तो गळतीचा. रुळातला परतीचा प्रवाह जमिनीत झिरपला की फेरा पुन्हा मोठा होतो आणि वाटेतल्या लोखंडी पाइपांना गंज चढतो; 1 अँपिअर प्रवाह वर्षभर लोखंडातून जमिनीत उतरत राहिला तर सुमारे 9 किलो लोखंड खातो. म्हणून रस्त्यात गाडलेल्या रुळाला रबराचं वेष्टन घालतात. बर्फाच्या शहरात रस्त्यावर मीठ टाकतात, खारं पाणी वेष्टनाच्या फटीत शिरतं आणि तिथेच गळती सुरू होते. काँक्रीट ओतताना वेष्टन फाटलं की नाही, हे त्याच दिवशी रूळ आणि जमिनीमधला रोध मोजून बघावं. नंतर रस्ता फोडल्याशिवाय इलाज नाही.

कंपनासाठी रुळाखालचा काँक्रीटचा पट्टा रबरी गाद्यांवर तरंगता ठेवतात. याची जाहिरात फार होते, मर्यादा कमी सांगितली जाते. पट्ट्याची स्वतःची वारंवारता 10 हर्ट्झ असेल, तर फायदा 14 हर्ट्झच्या वरच. 10 च्या आसपास कंपन उलट वाढतं. शेजारच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला नेमकं 10 हर्ट्झ बाधत असेल तर पैसे पाण्यात. म्हणून आधी इमारतीत मोजमाप, मग गाद्यांची निवड. आणि रूळ बदलायचा सांधा प्रयोगशाळेसमोर कधीच नको. सांध्यातल्या फटीवरून जाणारं प्रत्येक चाक ठोका देतं. सपाट घासलेलं चाकही तेच करतं, तेव्हा चाकं वेळेवर लेथवर चढवून पुन्हा गोल करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

फलाटाचं काम त्या मानाने सरळ. जमिनीलगतच्या डब्यांसाठी उंची 350 मिलिमीटरच्या आसपास. 1:12 चा उतार 4.2 मीटरमध्ये बसतो. जागा असेल तर 1:20 करावा, 7 मीटर लागतात, पण चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याचा दम वाचतो.

जिवाला धोका मात्र ओलांडण्याच्या जागी. तास सुटला की दहा मिनिटांत हजारो पाय रस्ता ओलांडतात, बरेचसे फोनकडे बघत. थांबलेल्या गाडीच्या आडून उलट दिशेची दुसरी गाडी येते, ती दिसतच नाही. ताशी 30 किलोमीटरवर नेहमीच्या ब्रेकने थांबायला 27 मीटर लागतात, चालकाला भान यायला जाणारे 12 मीटर वेगळे. वॉशिंग्टन अव्हेन्यूच्या या भागात मोटारींना बंदी करून रस्ता रेल्वेगाड्या, बस, सायकली आणि पादचाऱ्यांना दिला, तो निर्णय उत्तम. पण मोटारी गेल्या की माणसं कुठूनही ओलांडू लागतात. तिथे पाट्या लावून भागत नाही. कठडे असे वळवावेत की रुळावर पाऊल टाकण्याआधी तोंड येणाऱ्या गाडीकडेच व्हावं. फलाटाला दोन्ही टोकांना वाट असावी, नाहीतर सगळे एकाच दाराशी जमतात, मागचे डबे रिकामे राहतात आणि गाडी मात्र त्या एका दारापायी खोळंबते.